बारा थाऊ

गोलातली चूक मोजणाऱ्या डायल गेजचा काटा चौथ्यांदा उडाला, तेव्हा विजयकरसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. ते आमचे वर्क्स मॅनेजर, गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. साहेबांनी चष्मा काढला म्हणजे त्यांना पुढचं काही पाहायची इच्छा उरलेली नाही, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं.

"चोवीस," ते म्हणाले. "मागच्या वेळी बारा होते. प्रगती आहे."

चोवीस म्हणजे चोवीस थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो, म्हणजे आमचा गोल आठ केसांनी चुकला होता. ऐकायला काहीच नाही. पण त्या गोल खाचेतून रोलर पळणार होता, आणि प्रत्येक फेऱ्यात चार ठिकाणी तो आपटला असता. घड्याळात जिथे बारा, तीन, सहा आणि नऊ असतात, नेमका तिथे.

आमचा कारखाना प्रभादेवीला. गिरण्यांच्या मशीनचे सुटे भाग आम्ही करत असू. हे भाग पूर्वी विलायतेहून यायचे. आयातीवर बंधनं आली आणि गिरण्यांना एकाएकी प्रभादेवी आठवली. वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची. आज हरताळ, उद्या मोर्चा, आणि मधल्या दिवसांत जमेल तेवढं काम.

हे काम होतं एका बिडाच्या सांगाड्याचं. त्याच्या तोंडावर नऊ इंच व्यासाची गोल खाच पाडायची होती. एरवी गोल काम लेथवर होतं, पण या सांगाड्याला एक लांब हात होता. लेथवर फिरवला की तो खाली आपटायचा. म्हणून मिलिंग मशीन. त्यात कटर एका जागी फिरतो आणि खालचं टेबल सरकतं. एका हँडलने डावं-उजवं, दुसऱ्याने पुढे-मागे. गोल फिरणारं टेबल आमच्याकडे नव्हतं. मग सरळ चालणाऱ्या टेबलाने गोल काढायचा कसा?

तिथे मी आलो. तेवीस वर्षांचा ड्राफ्ट्समन, अंगात हुशारीचा वारा. मी त्या गोलाचे सातशेवीस बिंदू पाडले आणि प्रत्येक बिंदूसाठी दोन आकडे लॉग टेबलावरून काढले, एक या हँडलचा, एक त्या. आज कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला प्रोग्राम देतात तोच हा, फक्त फुलस्केप कागदावर आणि शाईने. मशीनवर तात्या परब होते. ते आकडे बघून टेबल सरकवायचे, कटर खाली टेकवायचे, उचलायचे, पुढचा आकडा. शेवटी उरलेले बारीक दाते कानशीने साफ करायचे.

"तिसरा सांगाडा शेवटचा," साहेब म्हणाले. "शनिवारी गिरणीचे इंजिनियर येतायत. जमलं नाही, तर तुम्ही सोमवारपासून परत ट्रेसिंगला."

ट्रेसिंग म्हणजे दुसऱ्याचं ड्रॉइंग गिरवायचं. त्यातून वर यायला मला तीन वर्षं लागली होती. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. वडील गिरणीत, सूतखात्यात. मुलगा गणितावर मशीन चालवतो हे त्यांनी चाळीत एकालाही सांगायचं सोडलं नव्हतं. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो, चाळीत शिक्षणावर भाषणं व्हायची आणि त्यात अधूनमधून माझं उदाहरण दिलं जायचं. उदाहरणच परत गिरवायला बसलं, तर भाषणांत सांगायचं काय?

आता एक गोष्ट कबूल करतो. जुन्या नळाची चावी उलटी फिरवली की पहिला पाव फेरा फुकट जातो. मशीनच्या हँडलचंही तसंच. दिशा बदलली की हँडल थोडं नुसतंच फिरतं, टेबल हलत नाही. याला प्ले म्हणतात. गोल काढताना दिशा चार ठिकाणी बदलते, बारा, तीन, सहा, नऊला. काम सुरू होण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी मी एकटा येऊन आमच्या मशीनचा प्ले मोजला होता. बारा थाऊ. तेवढे बारा मी आकड्यांत गुपचूप मिळवून टाकले. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शाबासकी वाटली गेली असती.

पहिल्या सांगाड्यात बारा थाऊची चूक आली. मला वाटलं, कटरच्या जोराने प्ले दुप्पट होतोय. दुसऱ्या वेळी मी चोवीस मिळवले. चूक चोवीस आली.

त्या संध्याकाळी मी हिशेब तिसऱ्यांदा तपासत होतो. एकही आकडा चुकला नव्हता. मग उशिरा का होईना, डोक्यात उजेड पडला. औषध वाढवलं तसा आजार वाढला. म्हणजे मुळात आजारच नव्हता. मशीनचा प्ले दुसरं कोणीतरी आधीच काढत होतं.

आमच्याकडे ड्रॉइंग ऑफिस वर आणि मशीन खाली. कागद फोरमनच्या हातून खाली जायचा. वरचा चहा वर, खालचा खाली. तसा नियम नव्हता, रिवाज होता. दुसऱ्या दिवशी मी माझा चहाचा ग्लास घेऊन जिना उतरलो.

"काय रे झिला, जिनो चुकलंस?" तात्यांनी विचारलं.

मी म्हटलं, फक्त बघायचंय, वाया गेलेल्या सांगाड्याच्या पाठीवर थोडे बिंदू घ्या. तात्यांनी विडी विझवली आणि हँडलला हात घातला. दिशा बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी हँडल आकड्याच्या पार पलीकडे नेलं, मग मागे आणून आकड्यावर थांबवलं. पुढच्या बिंदूलाही तेच. त्याच्या पुढच्यालाही.

"तात्या, हे पलीकडे का नेलंत?"

"खंय?" ते म्हणाले. आपण काय केलं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. मग हाताकडे बघून म्हणाले, "ह्या होय? प्ले काढूक. नेहमी एकाच बाजून येवचा."

"हे कधी सांगितलं नाहीत?"

"दात घासतंय म्हणान कोणाक सांगूचा काय?"

मग मी माझे बारा थाऊ सांगितले. तात्या पोट धरून हसले. "म्हणजे तू वर बसान काढलंस, मी हंय काढलंय. मगे त्या बिचाऱ्या गोलान काय करूचा?"

साहेबांकडे जाणं भाग होतं. गेलो आणि सगळं सांगितलं.

"मशीन कोणाला विचारून मोजलंत?"

"कोणालाच नाही."

"परबांना?"

"त्यांनाही नाही."

"मग आता विचारत जा," साहेब म्हणाले आणि फायलीत डोकं घातलं. एवढ्यावर सुटलो यावर माझा विश्वासच बसेना.

नवे आकडे मी प्ले न धरता लिहिले. मध्ये एक दिवस हरताळात गेला. परत आलो तेव्हा तिसऱ्या सांगाड्यावर तात्यांनी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'झालाच पाहिजे'. पुढचे दोन दिवस मी मशीनशेजारी स्टुलावर बसून आकडे मोठ्याने वाचत होतो आणि तात्या प्रत्येक आकडा परत उच्चारून हँडल फिरवत होते. सातशेवीस वेळा.

शनिवारी गिरणीचे इंजिनियर आले. खाचेच्या मधोमध खुंटी बसवून तिच्यावर डायल गेज लावला आणि साहेबांनी स्वतः फिरवला. बारा गेले. तीन गेले. सहा गेले. नऊही गेले. काटा दोन थाऊच्या आत नुसता थरथरत राहिला. इंजिनियरांनी खाचेत रोलर सोडला, तो गुमान फिरून आला. गोल कुठल्या मशीनवर काढला, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी तात्यांकडे आणि माझ्याकडे बोट दाखवलं. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. मला अक्षरशः नाचावंसं वाटलं, पण ड्रॉइंग ऑफिसची माणसं नाचत नसत.

तात्यांनी बोटाला थुंकी लावली आणि सांगाड्यावरचं 'च पाहिजे' पुसून टाकलं.

त्या दिवसापासून मी रिटायर होईपर्यंत माझ्या प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ असे: 'प्ले धरलेला नाही.' आणि कागद मी स्वतः खाली नेत असे. चूक एकाने दुरुस्त करावी. दोघांना करायची असेल, तर आधी दोघांनी एकत्र चहा प्यावा.