मुहूर्ताचा व्हिडिओ

बोईसरात मी लग्नांचं शूटिंग करायला लागले, तेव्हा "बाईमाणूस असून किती धीट!" असं लोक म्हणायचे. मी हसून घ्यायची. खरं कारण उलटं होतं. कॅमेऱ्यामागच्या माणसाचा फोटो कुणी काढत नाही.

मी नऊ वर्षांची असताना आई मला घेऊन काबूलहून पळाली, ती इथे आली. बाबा परदेशी लोकांचे दुभाषे होते, त्यापायीच त्यांना मारलं. मोठा भाऊ मागे राहिला आणि नाव बदलून तिथेच जगू लागला. तो कुणाचा मुलगा हे कळलं तर तोही जाणार, हे आई बोईसरजवळ सरावलीच्या आमच्या खोलीत मला रोज बजावायची. आम्हा दोघा भावंडांचा चेहरा हुबेहूब बाबांचा. त्यामुळे शाळेत ग्रुप फोटो असला की मला हमखास ताप यायचा.

लग्नांमागून लघुपट आले, आणि शेवटी माझा स्वतःचा सिनेमा. पहिल्या दिवशी आम्ही दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर होतो. सिनेमात काम करणारी, मासळी सुकवणारी मावशी नारळ घेऊन पुढे आली.

"पोरी, तुज्या हातानं फोड. त्याबिगर आमी सुरू नाय करनार."

मी टाळाटाळ केली. सगळे खोळंबलेले. एका नारळाने काय होतंय, म्हणून फोडला. टाळ्या पडल्या. वळून बघते तर मावशीची सून मोबाइल धरून उभी.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर झाला. मी तो काढायला लावला, पण तोवर कुठे कुठे पोचला होता देव जाणे. भावाचा फोन दर शुक्रवारी यायचा. त्या शुक्रवारी आला नाही. पुढच्याही नाही. सेटवरही मी फोन बंद करेना.

तिसऱ्या शुक्रवारी दुपारी फोन वाजला. आई माझ्या तोंडाकडे बघत बसली.

"दुकानात एकाने व्हिडिओ दाखवला, म्हणून दोन शुक्रवार फोन टाळला," भाऊ म्हणाला. "म्हणाला, तोंडवळा तुझाच. ही तुझी कोण?"

"मग?"

"म्हटलं, कुणी नाही. आणि त्याला परत एकदा लावायला सांगितला."

"वेड्या, परत कशाला?" मी ओरडलेच.

"तुला मोठी झालेली बघायचं राहून गेलं होतं."