अकोल्याची नक्कल पुढे गेली तेव्हा

नक्कल कधी मूळ प्रतीच्या पुढे जाऊ शकते का?

लगेच "नाही" म्हणू नका. मीही ठामपणे तेच म्हणत होते.

माझे बाबा तिवस्याला शिक्षक होते. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. करणी, भानामती, अंगात येणं — या सगळ्याविरुद्ध बाबा लिहायचे आणि मी बाजाराच्या दिवशी ती पत्रकं वाटायचे. "पुरावा दाखवा" हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. त्यामुळे अनाकलनीय अनुभवांच्या अशा सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आपल्या मतांना अडचणीची आहे म्हणून दाबून ठेवायची, हे मला जमत नाही. म्हणून लिहिते.

आम्ही काहीजण मिळून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करतो. पुढाऱ्यांच्या नाही. मजुरीसाठी, पाण्यासाठी, जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या माणसांच्या. ही रेकॉर्डिंगं तीन ठिकाणी असतात. मूळ सर्व्हर अमरावतीत, आमच्या भाड्याच्या खोलीत. एक नक्कल अकोल्यात सुधीरभाऊंच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानामागे, आणि एक हिवरखेडच्या वाचनालयात. नवीन रेकॉर्डिंग फक्त अमरावतीला चढतं. बाकी दोघांनी ते उतरवून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. आठवणी एकाच कपाटात ठेवल्या की ज्याच्या हातात किल्ली तो इतिहासाचा मालक होतो — म्हणून हा खटाटोप.

आमच्या स्क्रीनवर तिन्ही नावांपुढे हिरवा ठिपका असायचा. आम्ही खूश. मग कळलं की ठिपका फक्त मशीन चालू आहे एवढंच सांगतो. नक्कल कुठवर पोहोचली, ते सांगत नाही. हिवरखेडचं नेट गेलं की ते दिवसेंदिवस मागे राहायचं आणि ठिपका आपला हिरवाच! म्हणून गेल्या कापूसवेचणीच्या हंगामात मी एक मोजमाप जोडलं. साधी वजाबाकी — अमरावतीच्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक वजा त्या ठिकाणच्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक. शून्य आलं म्हणजे नक्कल पूर्ण. जितका आकडा मोठा, तितकं ते ठिकाण मागे. त्याचा ग्राफ केला आणि दुपारी डबा खाता खाता तो बघत बसले.

हिवरखेडची रेघ वर होती, म्हणजे मागे. अकोल्याची शून्यावर. आणि बघता बघता अकोल्याची रेघ शून्याच्या खाली गेली... उणे एक.

आधी हसू आलं. याचं कारण मला माहीत होतं. दोन्ही आकडे एकाच क्षणी वाचले जात नाहीत — आधी अमरावतीचा, मग अकोल्याचा. मधल्या क्षणी नवी नोंद आली तर अकोला पुढे दिसू शकतं. पण पुढच्या वाचनात ते आपोआप सुधारतं. इथे रेघ हलेना. शिवाय त्या दिवशी कोणी काही चढवतच नव्हतं.

सुधीरभाऊंना फोन लावला.

"भाऊ, तुमी हातानं काही टाकलं काय?"

"मी कायले टाकू? मी गिऱ्हाइकाचा डिस्प्ले बसवून राहिलो."

"अकोला अमरावतीच्या पुढं दाखवून राहिलं."

"मंग? आयुष्यात एकदा अकोला पुढं गेलं तं तुमाले पाहवत नाही काय?"

पण त्यांनी मशीन उघडून पाहिलं.

"एक नोंद जास्तीची आहे वं," ते म्हणाले. "नाव अनसूयाबाई. गाव तुमच्या तिवस्याकडचं. किती वेळाचं रेकॉर्डिंग आहे तेही लिहून आहे. पण फाईल उघडत नाही."

माझा घास हातातच राहिला. अनसूयाबाईंचं रेकॉर्डिंग आम्ही अजून केलंच नव्हतं.

अनसूयाबाई कोण, ते सांगते. त्यांच्या तरुणपणी गावातल्या बायांनी मजुरी वाढेपर्यंत कापूस वेचायचा नाही असं ठरवलं आणि निभावलं. त्यातल्या आता एकट्या अनसूयाबाई उरल्यात. गावात मात्र, शाळेतल्या भाषणांतसुद्धा, एकच गोष्ट सांगतात — मालकांनी मोठ्या मनानं मजुरी वाढवली. अनसूयाबाईंचं म्हणणं कुठे नोंदलं गेलं नाही तर तीच गोष्ट खरी म्हणून राहणार. त्यांचा मुलगा आणि सून दिवसभर वेचणीला, म्हणून आम्ही हंगाम संपल्यावर जायचं ठरवलं होतं.

"कोणी आधीच नाव भरून ठेवलं असंन," सुधीरभाऊ म्हणाले.

"नाव ठीक आहे. वेळ कोणी भरला? तो तं मशीन मोजते."

"मंग जाऊन बाईचं रेकॉर्डिंगच करून ये नं. होते आपोआप शून्य!"

ते गमतीनं म्हणाले, पण मी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. भूत मानून नाही, त्याला खोटं पाडायला. नव्या रेकॉर्डिंगची लांबी त्या नोंदीतल्या लांबीशी जुळली नाही की विषय संपला.

अनसूयाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"काहून वं पोरी? हंगाम झाल्यावर येतो म्हणे नं तुमी?"

"राहवलं नाही, आजी."

"मी मरून राहिली असं कोणी सांगतलं काय तुले?" आणि स्वतःच हसल्या.

मी फोन समोर ठेवला. त्या म्हणाल्या, "आंधी त्या बायाईची नावं घे. माही गोष्ट मंग." एकेक नाव सांगितलं. कोणाच्या कडेवर लेकरू होतं, कोणाला नवऱ्यानं मारलं तरी ती शेताच्या बांधावर धरणं धरायला आलीच — सगळं.

"अन् मालक?"

"मालक म्हणे, कापूस झाडावर सडला तरी चालीन. आमी म्हटलं, सडू दे. मंग वारा सुटला, कापूस गळाले लागला. तवा आला तो आमच्या वस्तीत, पायी. तो उभा राहून बोलला... आमी बसून आयकलं."

तेवढ्यात शेजारची बकरी शेंगांत घुसली. "हट!" करत आजी उठल्या आणि मी रेकॉर्डिंग थांबवलं.

अमरावतीला येऊन ते चढवलं. अकोल्याची रेघ वर सरकली. शून्य. मी सुधीरभाऊंना त्या जास्तीच्या नोंदीतला, आधीच कागदावर लिहून ठेवलेला वेळ वाचायला लावला. तोच. सेकंदाचाही फरक नाही. बकरी कधी येणार हे कोणाला माहीत होतं?

भाऊंनी गंमत केली नाही. एवढंच म्हणाले, "आता फाईल उघडून राहिली वं. बाईचा आवाज आहे याच्यात."

हंगाम संपायच्या आत अनसूयाबाईंना अर्धांगवायू झाला. माणसं ओळखतात, पण बोलणं गेलं. मी रेकॉर्डिंग त्यांच्या खाटेजवळ लावलं, तेव्हा सून पदर तोंडाला लावून ऐकत होती. "आमाले तं आत्याबाईनं कधी सांगतलंच नाही," म्हणाली. आजींनी जरा डोळे मिटले आणि हातानं खूण केली — पुन्हा लाव.

मी जाणकारांना विचारलं. कोणी घड्याळाची चूक म्हणालं, कोणी माझ्या कोडची. वेळ जुळल्याचं सांगितलं की म्हणतात, योगायोग. अकोल्याच्या लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या रोजनिशीत, ती पहिली नोंद कुठून आली याची एक ओळही नाही. एकानं सल्ला दिला, "उणे आलं तर शून्य दाखव, सगळे तेच करतात." मी तसं केलेलं नाही. पटत नाही म्हणून आकडा झाकायचा, तर बाबांची पत्रकं वाटलीच कशाला? मी आजही कुठल्या शक्तीपुढे हात जोडणार नाही... पण उत्तर माझ्याकडे नाही, हेही तितकंच खरं.

एक मागणं आहे. तुमच्या गावात हक्कासाठी उभी राहिलेली एखादी बाई अजून बोलू शकत असेल, तर आजच फोन घेऊन तिच्या अंगणात जाऊन बसा. तुमचा ग्राफ तुम्हाला सांगायला येणार नाही.