आईला दम लागत नव्हता

त्या डॉक्टरांचा मला अजूनही राग येतो. आईच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं गळतं, हे त्यांनीच सांगितलं होतं. त्याबद्दल आम्ही त्यांना पेढेही दिले होते. पण पुढे दर सहा महिन्यांनी तिची सोनोग्राफी, म्हणजे इको, झाली की ते एकच प्रश्न विचारायचे, तोही तिच्याकडे न बघता.

"आजी, दम लागतो का?"

"नाय."

"छान. पंपिंग नॉर्मल आहे. सहा महिन्यांनी या."

संपलं. परळहून लालबागला घरी पोचेपर्यंत माझा भाऊ फोनवर सगळ्या नातेवाइकांना 'नॉर्मल, नॉर्मल' सांगत सुटायचा. जणू त्यानेच परीक्षा दिली होती.

आई भावाकडे राहते, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. वहिनी आली तसं आईचं एकेक काम सुटत गेलं. आधी बाजार, मग पाणी भरणं, मग गॅलरीच्या टोकाला शेजारणींत जाऊन बसणं. सगळे म्हणायचे, आयुष्यभर राबली, आता सुनेच्या हातचं आरामात खाते. आईही हसून मान डोलवायची. एका रविवारी मी गेले तेव्हा ती वेणी घालत होती. अर्ध्यातच हात खाली घेतले, तोंड उघडं टाकलं आणि भिंतीला टेकून बसून राहिली.

"आई, तुला दम लागतोय."

ती माझ्यावरच उखडली. "दम तुझ्या बापाशीक लागायचो. माका नुसती धाप लागता."

मला एकदम सगळं कळलं. आमचे बाबा मिलच्या सूतखात्यात होते. कापसाची धूळ छातीत साठली आणि शेवटची वर्षं ते गुडघ्यांवर उशी घेऊन पुढे वाकून बसायचे, छातीतून शिट्टी वाजायची. त्याला आमच्या घरात दम म्हणत. आमच्याच का, अख्ख्या चाळीत म्हणत. दम म्हणजे गिरणीतल्या पुरुषाचं दुखणं. बायका जिन्यात कठडा धरून उभ्या राहायच्या ती धाप. दमाला डॉक्टर लागायचा. धाप लागली की दोन मिनिटं थांबायचं आणि हंडा उचलायचा. डॉक्टर गिरणगावात बसून दम विचारत होते आणि आई अगदी खरं उत्तर देत होती. त्यांनी एकदा तरी विचारायचं होतं, आजी, जिना कधी उतरलात?

मी भावाला म्हटलं, दुसरीकडे दाखवू. तो म्हणाला, "एवढा मोठा डॉक्टर नॉर्मल म्हणतो आणि तुला काय उठाठेव? जरा दम धर की." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्याशी भांडून मी आईला दादरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी अंधाऱ्या खोलीत आईला डाव्या कुशीवर निजवलं, छातीवर थंड जेली लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मी आधीच सांगून टाकलं, पंपिंग नॉर्मल आहे म्हणतात.

"आकडा चांगलाच आहे," त्या म्हणाल्या. "पण या आजारात तो फसवतो. हृदय रक्त बाहेर टाकतंय खरं, पण त्यातलं बरंचसं गळक्या झडपेतून मागे जातंय. मागे ढकलायला जोर लागत नाही. त्यामुळे हृदय थकलं तरी आकडा छान दिसतो. तो खाली यायची वाट बघितली तर वरातीमागून घोडं."

मग त्यांनी मशीनवर आणखी एक मोजणी लावली. हृदयाचा स्नायू प्रत्येक ठोक्याला स्वतः किती आवळला जातो ते त्यात दिसतं. पडद्यावर एक गोल आला. तो सगळा गडद लाल हवा होता. आईचा बराचसा फिका गुलाबी होता.

"स्नायू थकायला लागलाय. ऑपरेशन आता करायला हवं, अजून थांबू नका."

"म्हणजे आधीच्या डॉक्टरांना हे दिसलं असतं?"

"मोजलं असतं तर," त्या म्हणाल्या आणि आईच्या छातीवरची जेली पुसायला लागल्या.

मला तिथेच ओरडावंसं वाटलं. आई पडद्याकडे बघत होती. तिने विचारलं, "ह्या माजाच मा?" बाई हो म्हणाल्या.

हे कळल्यावर भावाने स्वतःच ऑपरेशनची सगळी धावपळ केली. झडप दुरुस्त झाली. नंतरच्या तपासणीत रंग थोडा सुधारला होता, पण सगळा नाही. उरलेलं परत येईल का, यावर बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. मला ते आवडलं आणि सहनही झालं नाही.

परवा संध्याकाळी मी गेले तर आई घरात नव्हती. ती खाली मासळीवालीपाशी उभी होती, हातात पिशवी, बोंबलांवरून तिच्याशी हुज्जत घालत. भाऊ गॅलरीतून हाका मारत होता, आई, वर ये, आता तुझे बसून खायचे दिवस आहेत. मी खाली जाऊन तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेले. तिने ती सोडली नाही.

"इतकी वर्सां बसलंय," ती म्हणाली, "पण बसाचा कोणाक होता गो?"