मोठ्या बाईंच्या वाटणीचे स्पीकर

मोठ्या बाई कुणाकडे गेल्या आणि तिथे रेडिओ चालू असला, की त्यांचा हात आधी त्याच्या बटणाकडे जायचा. यजमानांना विचारणं वगैरे काही नाही. आवाज अर्ध्यावर आणायच्या, तोही मोठा वाटला तर आणखी उतरवायच्या, आणि मग पदर सावरून निवांत बसायच्या. पांढुर्ण्यात असं करणं म्हणजे धाडसच होतं. आमच्या गावात रेडिओ घ्यायचा तोच मुळी चार घरं पलीकडे ऐकू जावा म्हणून. पण मोठ्या बाईंना कुणी अडवल्याचं मला आठवत नाही. फार तर कुणी विचारायचं, बाई, ऐकू कसं येईल? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "कानाले बोलवाव लागते. धरून ओढाव नाही लागत."

मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरहून लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मला पहिले काही दिवस वाटलं की इथे रोज भांडणं होतात. तसं नव्हतं. आमच्या घरची माणसं संत्र्याच्या बगीच्याच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारत मोठी झालेली, त्यामुळे मीठ वाढ हेसुद्धा ती त्याच सुरात सांगायची. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, यांत सगळ्यांत वरचढ. त्या गदारोळात मोठ्या बाई इतक्या हळू बोलायच्या की ही बाई घाबरून राहते, अशी मी समजूत करून घेतली. पंधरा दिवसांत माझ्या ध्यानात आलं की घाबरून बाकीचे राहतात. त्या बोलायला लागल्या की सगळे आपापलं बोलणं थांबवून त्यांच्याकडे वाकायचे.

बैठकीच्या खोलीत खिडकीच्या दोन बाजूंना दोन सागवानी खोकी ठेवलेली होती. हातभर उंच, पुढून खाकी कापड लावलेली, वर क्रोशाचे रुमाल. मी त्यांना लहानशी कपाटं समजून दार शोधत होते. ते स्पीकर होते, मोठ्या बाईंच्या वडिलांचे. वडील मोहगावला शाळामास्तर होते, थोडा संत्र्याचा बगीचा होता आणि गाण्याचा नाद होता. ती खोकी त्यांनी गावच्या सुताराकडून समोर बसून करवून घेतली होती. शेवटच्या वर्षी घशाच्या दुखण्याने त्यांचा आवाज बसला. नुसतं कुजबुजल्यासारखं बोलायचे आणि ते एकट्या मोठ्या बाईंनाच कळायचं. माहेरी राहून त्यांनीच वडिलांचं सगळं केलं. लहान आवाज ऐकायची सवय त्यांना तिथे लागली.

वडील गेल्यावर आमच्याकडे सर्रास होतं तेच झालं. बहिणीने बगीच्यावरचा हक्क सोडला, भावाच्या नावे सही करून दिली. त्या वेळी भावाने रिवाजाप्रमाणे विचारलं की तुला काय साडीचोळी हवी ते सांग. मोठ्या बाई म्हणाल्या, मला बाबांचे स्पीकर दे. जमलेल्या माणसांत हसू उसळलं म्हणतात. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर कधीच बिघडून गेलेला होता, त्यामुळे त्या खोक्यांतून आवाजसुद्धा निघत नव्हता. फळावर आलेला बगीचा सोडून बाई मुकी लाकडं घेऊन सासरी आली, ही गोष्ट मोहगावपासून पांढुर्ण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती, आणि मलाही ती स्वयंपाकघरात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चवीने ऐकवली. मोठ्या बाई मात्र रोज सकाळी त्या खोक्यांवरची धूळ पुसायच्या. अ‍ॅम्प्लिफायर कधी आणणार, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घाई नाही. पण वाजले पाहिजे ते. नाहीतर लोकाइचं हासनं खरं होते."

त्यानंतरच्या वर्षी संत्र्याला चांगला भाव आला. गावात कुणी जीप घेतली, कुणी घरावर माडी चढवली. भासऱ्यांनी बायकोला चकित करायचं ठरवलं आणि कुणाला न सांगता सौंसरला जाऊन अ‍ॅम्प्लिफायर आणला. आता सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला अ‍ॅम्प्लिफायर म्हटलं की एकच वस्तू डोळ्यापुढे यायची, ती लग्नाच्या मांडवातली. तीच त्यांनी आणली. लोखंडी पेटी, दोघांनी उचलायची, मागे भोंगे जोडायची सोय. मांडववाल्याने त्यांना सांगितलं होतं की याचा आवाज लोधीखेड्यापर्यंत जातो, आणि भासऱ्यांना त्यात घराला न चालण्यासारखं काहीच दिसलं नाही. अंगणात शेजारपाजारची माणसं बोलावली, चहा ठेवायला सांगितला, मांडववाल्याच्या पोऱ्याने तारा जोडल्या आणि भासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

मोठ्या बाई स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. एकदा काहीतरी जोरात फाटल्यासारखं झालं, नंतर नुसती खरखर, आणि डावीकडच्या खोक्यातून जळकट वास यायला लागला. पोऱ्याने घाईने तार ओढली. अंगणातली माणसं चहा न घेताच एकेक करून निघाली. भासऱ्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांची दया आली. त्यांनी मनापासून केलं होतं. ते म्हणाले, उद्याच्या उद्या नागपूरहून दोन नवे आणतो, याच्यापेक्षा मोठे. मोठ्या बाई खोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "नवे आणान तुमी," त्या म्हणाल्या, "पण ते माह्या बापाचे नसतीन." एवढंच. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. रात्री भाकरी थापताना मला म्हणाल्या, सोमवारी नागपूरला जायचं आहे, तू चल.

दोन्ही स्पीकर आम्ही संत्र्याच्या पेट्यांत भरले. खाली भाताचं तणस, बाजूंनी तणस, वर तणस, ट्रकवर माल चढवताना भरतात तसे, आणि पांढुर्ण्याहून पॅसेंजर गाडी धरली. डब्यात ज्याची त्याची नजर पेट्यांवर. आंबिया बहाराचा माल का, कुठल्या बगीच्याचा, एखादं फळ चाखायला द्या. मोठ्या बाईंनी एका म्हाताऱ्याला अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं की हे माह्या माहेरचं फळ आहे बाबा, सध्या जरा डागी निघालं. मला हसू आवरेना.

सीताबर्डीच्या दुकानदाराने आधी जळका स्पीकर उघडून पाहिला. आतली तारेची गुंडाळी जळली होती. नवा पडदा, नवं चुंबक, सगळंच बदलून टाकू, असं तो म्हणाला. मोठ्या बाईंनी विचारलं, काय जळलं तेवढंच बदलता येतं का? येतं, पण आवाज पहिल्यासारखा होईलच असं सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्यांनी थोडा विचार केला आणि तेवढंच बदला म्हणाल्या. आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो. स्पीकर तयार होता. आता प्रश्न अ‍ॅम्प्लिफायरचा.

दुकानदाराने उत्साहाने एकेक मांडायला सुरुवात केली. हा एवढ्या वॅटचा, याला एवढे दिवे, हा गाण्याच्या ठेक्यावर सुया नाचवतो. एक रेकॉर्ड त्याने मुद्दाम काढून ठेवलेली होती, ती लावली की कुठलंही यंत्र छान वाटावं अशी. मोठ्या बाई म्हणाल्या, ही नको, रेडिओ जोडा आणि कुणी बोलत असेल ते स्टेशन लावा. बातम्या लागल्या. दुकानदार गोंधळला. संगीताचं यंत्र बातम्या लावून पारखणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं. मोठ्या बाईंनी दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये स्टूल ओढून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, लहान करा. त्याने केलं. आणखी लहान करा. तो म्हणाला, बाई, आता फक्त मुंगीला ऐकू येईल. त्या म्हणाल्या, चालेल, करा.

आणि मग मलाही ते कळलं. आवाज अगदी खाली नेला की तो दिव्यांचा झगमगाट असलेला अ‍ॅम्प्लिफायर उजव्या स्पीकरमध्ये बोलत राहायचा आणि डावीकडे मुका व्हायचा. दुसऱ्यात तसंच, फक्त बाजू उलट. तिसऱ्यात बातमीदारापेक्षा मागची घरघर मोठी. मोठ्या बाई प्रत्येकाला मान हलवून बाजूला सारत होत्या. "दोघायनं संगतच लहान झालं पाहिजे," त्या मला म्हणाल्या. "हे पाय, एक आधीच दम सोडून राहिला." शेवटी दुकानदाराने मागच्या फळीवरून एक काळी, चपटी पेटी काढली. दिवा एकच, सुया नाहीत, वॅटही बेताचेच. कुणी घेत नाही म्हणून मागे टाकलेली. तिच्यावर आवाज खाली खाली गेला, तसा दोन्हीकडून सारखाच गेला, आणि बातमीदार जसा काही आमच्या पुढ्यात बसून फक्त आम्हालाच सांगतो आहे असं वाटायला लागलं. जळून दुरुस्त झालेला स्पीकर कुठला, ते मला ओळखता आलं नाही. मोठ्या बाईंनी डोळे उघडले. ते ओले होते.

दुकानदार पेटी बांधता बांधता म्हणाला की याच्यासोबत कॅसेटचा डेक घ्या. भासऱ्यांनीही मला निघताना तेच बजावलं होतं. मोठ्या बाईंनी रेडिओच जोडून घेतला. कॅसेटमध्ये आपण भरलेलंच आपल्याला परत मिळतं, असं त्यांचं म्हणणं. रेडिओचं तसं नाही. मधे ना तार, ना पाहुण्यासारखा आधी निरोप, आणि नागपूरहून गाणं थेट आपल्या बैठकीत येऊन बसतं. त्यासाठी घरी आल्यावर त्यांनी छपरावर बांबू उभा करून एरियलची तार ताणून घेतली, आणि बांबू हलला की भासऱ्यांना शिडीवर चढवायच्या. भासरे बिनबोभाट चढायचे. मांडवाची पेटी त्यांनी सौंसरला परत नेऊन दिली होती आणि तो विषय घरात कुणी काढायचा नाही, असा अलिखित नियम झाला होता.

स्पीकर वाजतात ही बातमी मोहगावला पोचली. त्या दिवाळीत भाऊबीजेला त्यांचे भाऊ आले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. थोराड, अबोल माणूस. ताटावर बसले आणि रेडिओवर कुणीतरी एकतारीवर भजन म्हणत होतं ते बैठकीतून ऐकू यायला लागलं. दादांचा घास हातातच राहिला. बाबांच्या खोलीतून असंच ऐकू यायचं, असं ते म्हणाले आणि पुढे जेवलेच नाहीत. बैठकीत जाऊन जमिनीवर बसले, गाणी संपून बाजारभाव सांगायला लागले तरी उठले नाहीत.

सकाळी निघायच्या वेळी ते सगळ्यांसमोर बोलले. म्हणाले, शकू, तू माझ्याकडून विहिरीजवळची झाडं घे, आणि बाबांचे स्पीकर मला दे. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते, तशीच राहिले. विहिरीजवळची झाडं म्हणजे त्या बगीच्याचं काळीज. भासऱ्यांची नजर बायकोच्या तोंडावर खिळली होती.

मोठ्या बाई नेहमीसारख्याच हळू बोलल्या. "वाटणी झाली, दादा. स्पीकर माहे आहे. तुले ऐकाचे असले तर कवाबी ये, घर तुहं आहे." मग म्हणाल्या, "अन् खरं सांगू का? मी स्पीकर मागतले, काहून का बगीचा मागता येत नव्हता. बाबाचं सारं मीनं केलं, अन् बगीचा मागतला असता तर तुमी सारे माह्यावर थुकले असते. आता झाडाइचं नाव तूच काढलं, तर ते झाडं तुह्या पोरीच्या नावानं कर. तिले खोके मागाची पाळी येऊ नोको देऊ."

दादांच्या मुलीचं लग्न येत्या उन्हाळ्यात ठरलेलं होतं आणि तिच्याकडूनही हक्क सोडल्याची सही घ्यायचं त्यांच्या मनात होतं, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. त्या सकाळी ते बहिणीच्या पाया पडले. थोरला भाऊ धाकट्या बहिणीच्या पाया पडताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

मोठ्या बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल मला काय वाटतं हे कुणी विचारलं तर मी माया, आदर वगैरे आधी सांगत नाही, मला त्यांचा अभिमान आहे असं सांगते, छाती फुगवून. मोहगावच्या विहिरीजवळची झाडं दादांच्या मुलीच्या नावावर आहेत. आजूबाजूच्या बगीच्यांत मुलीच्या नावाची ती पहिली झाडं, आणि दर हंगामात ती स्वतः उभी राहून फळांचा तोडा करवून घेते.