वन्संच्या ओठाचा कोपरा

माझे धाकटे दीर माणसाच्या भावना ओळखणाऱ्या यंत्राचे डॉक्टर आहेत. खोकल्याचे नव्हेत, हे शेजारणीला अजून पटत नाही. कॅमेऱ्यानं चेहरा टिपायचा आणि कॉम्प्युटरनं सांगायचं, हा माणूस आनंदात आहे की रागात. भावजींची उमेदीची सगळी वर्षं ह्याच प्रबंधात गेली. सुरुवातीला आम्हा सगळ्यांना खिडकीशी बसवून "रागवा", "घाबरा" करत त्यांनी फोटो काढले होते. माझी किळस म्हणे फार छान आली. मला काही वेगळं करावं लागलं नव्हतं.

प्रबंध संपत आला तेव्हा यंत्राची खऱ्या माणसांवर चाचणी हवी झाली. वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, इस्पितळात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना नावानिशी ओळखायच्या. भावासाठी त्यांनीच साहेबांकडे शब्द टाकला. खिडकीवर कॅमेरा बसला आणि महिन्याभरात यंत्रानं निकाल दिला: खिडकीवरच्या बाई रुग्णांकडे तिरस्कारानं बघतात.

वन्संच्या तोंडावरून कॉलेजात असताना वारं गेलं होतं. डावी बाजू ढिली पडली ती पडलीच. बोलताना उजवीकडचा ओठाचा कोपरा तेवढा वर जातो. यंत्राला तो तिरस्कार वाटला. ते यंत्रच, त्याला काय बोलणार? पण विजेचे शेक घेताना वन्संचा हात धरून बसायला कोण जायचं? हेच भावजी.

साहेबांनी खिडकीवरून उठवायचं ठरवलं तेव्हा वन्सं घरी आल्या.

"बाळ्या, साहेबांना एवढंच सांग, हिचं तोंडच तसं आहे. तुझं ऐकतील ते."

"ताई, तसं नाही सांगता येत. यंत्र चुकलं म्हटलं की परीक्षक विचारणार, असे अजून किती चुकले?"

"मग विचारू देत की!"

"तुला नाही कळायचं. तुझा चेहरा मी हिशेबातून काढूनच टाकलाय. नॉइज म्हणतात त्याला. गोंगाट."

"मी गोंगाट?" उभ्या जन्मात आवाज न चढवलेली ती बाई हळूच म्हणाली.

मला राहवेना. "भावजी, शेकाला जायचात तेव्हा हे तोंड दिसत होतं ना?"

"वहिनी, हा भावनेचा प्रश्न नाहीये."

ऐका! भावनेचे डॉक्टर बोलले.

वन्संची खिडकी गेली. त्यांना आतल्या खोलीत फोन घ्यायला बसवलं. भावजींना पदवी मिळाली, मोठ्या कंपनीत नोकरी लागली, भाषणात "कुटुंबाचं सहकार्य" वगैरे म्हणून झालं. देवापुढे बसले की मी सगळ्यांचं भलं मागते. भावजींचं नाव आलं की जीभ अडखळते. देव समजून घेईल.

परवा मिठाई घेऊन आले. वन्सं माझ्याकडेच होत्या.

"ताई, आता आवाजावरून भावना ओळखायचं काम मिळालंय. तू फोनवरच बसतेस ना? साहेबांकडे पुन्हा जरा शब्द टाक की."

वन्संनी मिठाईचा डबा झाकण लावून त्यांच्या हातात परत दिला, दार उघडलं आणि उघडं धरून उभ्या राहिल्या. 

बूट घालता घालता भावजींनी मला हळूच विचारलं, "वहिनी, ताई चिडलीय का हो?"