बिब्ब्याच्या माथी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तुमसर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होतो — नवा, आणि अंगात नको तेवढी ऐट. आंबागडची एक बाई आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तापाने फणफणलेली पोर, मानेच्या डाव्या बाजूला लाल सूज, थुंकीही गिळवेना. सुजेवर आईने बिब्बा लावलेला, त्याचे काळे डाग. "बहुत दुखून राहिलं जी तिले," बाई म्हणाली.

सूज गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची आहे, हे मी ओळखलं. पण त्या ग्रंथीत जंतू सहसा शिरत नाहीत, पू होणं फार दुर्मीळ — एवढंच मला पाठ होतं. सुई घालून पाहायला हवं होतं ना? हवंच होतं. पण मानेत रक्ताच्या मोठाल्या नळ्या. लेकरू टेबलावरच गेलं तर? मी घाबरलो. तसं कबूल करायची लाज वाटली, म्हणून विषाणूची सूज असेल अशी स्वतःची समजूत घातली आणि स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या.

दोन दिवस ताप उतरला. मी खूश! चौथ्या दिवशी बाई तिला बैलगाडीत घालून घेऊन आली, तेव्हा पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मग घातली सुई आणि सिरिंज पुवाने भरली. पेनिसिलिन टोचलं, जीप काढायला लावली, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत काय लिहिलं? बिब्बा लावल्याने गळू. ज्या गोळ्यांनी वरचा ताप दबला आणि आत पू फोफावला, त्यांचं नावही काढलं नाही.

मुलगी वाचली. काही दिवसांनी मायलेकी माझ्या पाया पडायला आल्या. बाईने खाली मान घालून विचारलं, "डाक्टरसाहेब, माह्या बिब्ब्यानंच झालं का जी?"

बिब्ब्याने कातडी भाजते, ग्रंथीत पू होत नाही. मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "हो."

ती मुलीसमोरच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागली. मी थांबवलं का? नाही — पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

काही वर्षांनी एका वैद्यकीय मासिकात वाचलं. लहान मुलांत डाव्या बाजूला असा पू झाला, तर बहुधा घशापासून ग्रंथीपर्यंत जन्मजात बारीक वाट असते. शस्त्रक्रियेने ती काढली नाही, तर पू पुन्हा पुन्हा होतो. तेव्हा मी त्याच तालुक्यात होतो, आंबागड काही लांब नव्हतं. पण हे सांगायचं, तर आधी खोटं बोललो होतो, हेही कबूल करावं लागलं असतं. मी गेलो नाही.

तो गळा पुन्हा सुजला का, मला माहीत नाही. मी कधी चौकशीच केली नाही. सुजला असेल, तर त्या बाईला वाटलं असेल — आपल्या हातचं विष पोरीच्या अंगातून अजून उतरलेलं नाही.