थाळ्यातला हात मी काढणार नाही

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

हॉटेलात सवलतीत टेबल बुक करायच्या एका ॲपचा लोगो मी करतेय. भिवंडीत आमच्या घरी सगळे एकाच मोठ्या थाळ्यात जेवतो, आणि मटणाची चांगली बोटी, म्हणजे तुकडा, समोरच्याच्या बाजूला सरकवायची रीत आहे. मी तेच काढलं. गोल थाळा आणि बोटी पुढे सरकवणारा हात. चांगला वाटा समोरच्याला द्यायचा, सवलत म्हणजे दुसरं काय असतं?

आज व्हिडिओ कॉलवर ॲपचे मालक म्हणाले, "मॅडम, एका ताटात हात घालून खाणं गावठी वाटतं. काटा-चमचा टाका, वर पर्सेंटचं चिन्ह द्या."

मी म्हटलं, "सर, ते चिन्ह धामणकर नाक्यावर चपलांच्या दुकानावरपण आहे. हात राहील, नाहीतर दुसरा डिझायनर बघा."

त्यांनी कॉल कट केला.

अम्मी दारातून सगळं ऐकत होती. तिने थाळा मांडला, मला बसवलं आणि सगळ्यात मोठी बोटी माझ्याकडे सरकवली.

काम गेलं तर जाऊ दे. तुमच्या घरी चांगला घास कोण कोणाकडे सरकवतं? आणि काट्याने सरकवतं का?